चालू करण्याआधी बंद करायला शिका



इंटरनेटवरून आपल्या टीव्हीवर आणि मोबाइलवर येणारे सिनेमे, मालिका, गाणी आणि गेम यांच्याविषयी आज बोलायचं आहे. मोबाइलवरचे आणि बँकेचे व्यवहार लोकांना समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. 'अमुक ॲप चालू कसं करायचं?' असं मला आता फारसं कुणी विचारत नाही. ते काम घरातली नातवंडं करून देतात. लोक येतात ते वेगळेच प्रश्न घेऊन. खात्यातून पैसे का कापले गेले? रोजचा डेटा दुपारीच कसा संपतो? पोरगा गेम सोडून जेवायला उठत नाही, काय करू? या सगळ्यांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. चालू करण्याचं बटण समोर असतं, मोठं आणि रंगीत. बंद करण्याचं मात्र शोधून काढावं लागतं. म्हणून आज माझा आग्रह एवढाच आहे की कुठलीही सेवा घेताना, ती बंद कशी करायची हे आधी पाहून ठेवा.

पैशांपासून सुरुवात करते. मध्यंतरी एक निवृत्त शिक्षिका पासबुक घेऊन आल्या. दर महिन्याला ४९९ रुपये कापले जात होते आणि समोरची नोंद काही केल्या लागत नव्हती. नातीनं सुट्टीत 'एका रुपयात सात दिवस' अशी जाहिरात पाहून छोट्या छोट्या भागांच्या मालिकांचं एक ॲप घेतलं होतं. सुट्टी संपली, नात गेली, बाईंनी ॲप काढूनही टाकलं. त्यांना वाटलं, विषय संपला. मी त्यांच्याच फोनवर पैसे पाठवायचं ॲप उघडलं, वरच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या फोटोवर बोट ठेवलं आणि खाली 'ऑटोपे' नावाची ओळ दाखवली. आत त्या सेवेचं नाव होतं. रक्कम '४९९ रुपयांपर्यंत', दर महिन्याला, आणि मुदत थेट तीस वर्षांची! एक रुपया देताना त्यांनी जो पिन टाकला, तो त्या एका रुपयापुरता नव्हता. पुढच्या सगळ्या महिन्यांची संमती त्यांनी त्याच पिननं दिली होती.

हे नीट लक्षात घ्या. मोबाइलवरून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. पैसे कापण्याची परवानगी वेगळ्या जागी असते आणि ती तिथेच जाऊन रद्द करावी लागते. गूगल पे, फोन पे यांसारख्या ॲपमध्ये 'ऑटोपे' हा विभाग असतो. तिथे परवानगी काही काळ थांबवता येते किंवा कायमची काढून टाकता येते. वर्गणी प्ले स्टोअरमार्फत घेतली असेल, तर प्ले स्टोअर उघडून आपल्या फोटोवर टिचकी मारा आणि 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' या विभागात जा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर गेलं की 'सबस्क्रिप्शन्स' सापडतं. कार्ड वापरलं असेल, तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत चौकशी करायची. आणि पहिल्यांदा पिन टाकतानाच तीन गोष्टी वाचायची सवय लावून घ्या: जास्तीत जास्त किती रक्कम, किती दिवसांनी, आणि कधीपर्यंत.

रिझर्व्ह बँकेनं या बाबतीत ग्राहकाच्या बाजूचा एक चांगला नियम केलेला आहे. आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना पैसे जाण्याच्या निदान चोवीस तास आधी मिळायला हवी, म्हणजे नको असेल तर ग्राहक थांबवू शकतो. हा मेसेज येतो, पण लोनच्या आणि सेलच्या मेसेजांच्या गर्दीत तो कुणी उघडत नाही. कृपा करून तेवढा मेसेज वाचत जा. आणखी एक युक्ती सांगते, मी स्वतः ती वापरते. महिन्याचे पैसे भरून सेवा घेतली, की त्याच दिवशी तिचं पुढचं नूतनीकरण रद्द करून टाकायचं. बहुतेक सेवा भरलेल्या पैशांचा महिना पूर्ण होईपर्यंत चालूच राहतात. पुढच्या महिन्यात खरोखर पाहायचं असेल, तर पुन्हा भरता येतं. पण 'पहिले सात दिवस फुकट' या प्रकारात रद्द करताच सेवा लगेच बंद होऊ शकते, तेव्हा तिथे अटी वाचून घ्या.

वर्षाची वर्गणी स्वस्त पडते, मग ती घ्यावी का, असंही पुष्कळ जण विचारतात. माझं मत विचाराल तर जपून घ्या. हा बाजार अजून स्थिरावलेला नाही. गाण्यांचं रेसो हे ॲप भारतात जानेवारी २०२४ अखेर बंद झालं. त्याच वर्षी विंकनंही गाशा गुंडाळला. जिओसिनेमा आणि हॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये एक झाले. दुसरं असं की पाच सेवांची वर्गणी एकाच वेळी भरणाऱ्या घरात पाचही पाहायला वेळ कुणाला असतो? एका महिन्यात एक घ्यावी, तिच्यावरचं हवं ते पाहून संपवावं आणि मग दुसरीकडे वळावं. त्याआधी आपल्या मोबाइलचा रिचार्ज किंवा घरचं फायबर कनेक्शन यांच्यासोबत कुठली सेवा मिळते तेही पाहून घ्या. एकाच सेवेचे रिचार्जमधून आणि शिवाय वेगळे असे दुहेरी पैसे भरणारी घरं मी पाहिली आहेत.

आता डेटा. रोज दीड जीबी मिळतो आणि दुपारी दोनलाच संपतो, ही तक्रार घरोघरची. पुष्कळांचं असं चाललेलं असतं: सकाळी यूट्यूबवर अभंग किंवा भक्तिगीतं लावायची, फोन देव्हाऱ्याजवळ किंवा ओट्यावर ठेवायचा आणि आपण कामाला लागायचं. कान ऐकत असतात, डोळे मुळीच पाहत नसतात, पण फोन बिचारा स्वच्छ, सुस्पष्ट चित्र ओढत राहतो. उत्तम दर्जाचं चित्र तासाला साधारण तीन जीबीपर्यंत डेटा घेतं, साध्या दर्जाचं पाऊण जीबीच्या आसपास. तेच गाणं नुसत्या आवाजाच्या ॲपवर मध्यम दर्जात ऐकलं, तर तासाला पन्नास एमबीसुद्धा लागत नाहीत. ऐकायचंच असेल, तर गाण्यांचं ॲप वापरा. यूट्यूबच वापरायचं असेल, तर चालू व्हिडिओवरच्या दातेरी चाकाच्या खुणेवर जाऊन चित्राचा दर्जा १४४ वर आणा. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटासाठी वेगळा आणि वायफायसाठी वेगळा दर्जा एकदाच ठरवून ठेवता येतो. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू करणारं 'ऑटोप्ले' आठवणीनं बंद करा. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री वायफायवर हवं ते उतरवून ठेवा. घाटात रेंज गेली तरी अडत नाही.

रोजचा डेटा संपल्यावर बहुतेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर व्हिडिओ चालत नाही, पण सर्वांत कमी दर्जावर ठेवलेलं गाणं पुष्कळदा चालून जातं.

मध्येच चित्र थांबतं, गोल चक्र फिरत राहतं, त्याचं काय? सिनेमा आपल्याकडे एकदम येत नाही. काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो आणि थोडा साठा फोनमध्ये आधी भरून ठेवला जातो. घरातल्या टाकीसारखंच ते: नळाची धार बारीक झाली, तरी टाकीत पाणी आहे तोवर काम भागतं. धार कमी झालेली ॲपला कळते आणि ते आपणहून कमी दर्जाचे तुकडे मागवायला लागतं. चित्र धूसर होतं ते त्यामुळे. अशा वेळी फायबर देणारा म्हणतो, वरचा प्लॅन घ्या. घाई करू नका. उत्तम दर्जाच्या सिनेमाला पाच एमबीपीएस वेग पुरतो, अतिस्पष्ट फोर-के चित्राला पंधरा. म्हणजे दोन टीव्ही आणि चार मोबाइलच्या घराला चाळीस-पन्नासचं कनेक्शन सहसा पुरतं. खोट असते ती राउटरच्या जागेत. तो माळ्यावर, लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबलेला असतो. घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवा. पुष्कळ राउटर दोन नावांचं वायफाय देतात. त्यातलं पाच गिगाहर्ट्झचं वेगवान असतं, पण भिंती ओलांडताना थकतं. टीव्ही राउटरच्याच खोलीत असेल, तर त्याला ते द्या; त्याहून बरं म्हणजे सरळ केबल जोडा.

गेमचा विषय थोडा वेगळा आहे. बरेचसे गेम फोनमध्ये उतरवून खेळले जातात आणि त्यांना डेटा फार लागत नाही. पण आता दूरच्या संगणकावर चालणारा गेम आपल्या पडद्यावर नुसता चित्ररूपानं आणून देणाऱ्या सेवाही आहेत. त्यांना पंधरा ते पंचवीस एमबीपीएसचा सलग वेग लागतो. पंचवीसनं हिशोब केला, तर तासाला अकरा जीबी! मोबाइल डेटावर हे परवडणारच नाही. शिवाय असा गेम आपल्या मालकीचा राहील याची खात्री नसते. गूगलनं २०१९ मध्ये सुरू केलेली स्टेडिया ही अशीच सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. गूगलनं विकत घेतलेल्या गेमचे पैसे परत केले, पण गेम गेले ते गेलेच.

फुकट मिळणाऱ्या गेममध्ये पैसे आत मागितले जातात: तलवारी, पोशाख, जास्तीचे प्राण यांसाठी. मूल आईच्या फोनवर खेळतं, खात्याशी पैसे जोडलेले असतात आणि दोन टिचक्यांत काम होतं. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे. ती आज रात्रीच चालू करा. लहान मुलाला वेगळा फोन दिला असेल, तर गूगलचं फॅमिली लिंक वापरून रोजचा वेळ ठरवता येतो. पण ते मुलाच्या चोरून करू नका. त्याला शेजारी बसवून, किती वेळ हे त्याच्याशी बोलून ठरवा. स्वतः मान्य केलेली वेळ मूल जास्त पाळतं, असा माझा अनुभव आहे.

पैसे लावून खेळण्याच्या गेमविषयी मला कळकळीनं सांगायचं आहे. रमी असो, पत्ते असोत, क्रिकेटच्या संघांवर पैसे लावणं असो, त्यापायी कर्जात बुडालेली तरुण मुलं गावोगाव आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्यासाठी होणाऱ्या बँक व्यवहारांवर बंदी घातली. त्यामुळे आता टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर 'आमचं ॲप अजून चालू आहे, या लिंकवरून घ्या' असा निरोप आला, तर तो उघडूसुद्धा नका. घरात कुणी यात अडकलं असेल, तर त्याला धारेवर धरण्याआधी त्याच्याजवळ बसा, देणी किती आहेत ते कागदावर मांडा आणि खात्याशी जोडलेल्या परवानग्या बंद करा. लाजेपोटी लपवलेलं कर्ज वाढत जातं.

अनोळखी लिंकचा धोका फुकट सिनेमांच्या बाबतीतही आहे. नवा मराठी चित्रपट दुसऱ्याच दिवशी एखाद्या ग्रुपवर येतो, सोबत एपीके नावाची फाइल येते. ती उतरवली की ती फोनमधले मेसेज वाचण्याची परवानगी मागते आणि आपण 'अलाउ' म्हणतो. बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो ना? २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. चोरून चित्रपटाची प्रत करणाऱ्याला आणि ती पसरवणाऱ्याला किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड, अशी तरतूद आता आहे. पण कायदा बाजूला ठेवून सांगते, मराठी सिनेमाचं गणित आधीच तंग असतं. ज्यांनी तो जीव लावून केला, त्यांच्या कष्टाचे पैसे आपणच बुडवू नयेत.

आणि फुकट हवं असेल, तर रीतसर फुकट पुष्कळ आहे. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे व्यासपीठ सुरू केलं. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या, आकाशवाणी, जुने कार्यक्रम आणि गेमसुद्धा आहेत. 'न्यूज ऑन एआयआर' या ॲपवर देशभरातली आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रं ऐकता येतात. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लेकीला तिच्या गावचं केंद्र जसंच्या तसं ऐकू येतं, हे तिला सांगा.

मुलांनी काय पाहावं, यासाठी २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक मालिकेवर आणि सिनेमावर वयाची खूण असते: सर्वांसाठी, सात, तेरा, सोळा वर्षांवरील, आणि प्रौढांसाठी. तेरा वर्षांवरील आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय देणं सेवांना बंधनकारक आहे. आपल्या प्रोफाइलला पिन घाला आणि मुलांचं प्रोफाइल वेगळं करा.

आता कागद-पेन घ्या, दोन क्रमांक सांगते. वर्गणी रद्द करूनही पैसे कापले गेले किंवा रद्द करण्याचं बटणच दडवून ठेवलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहकाला वर्गणीत अडकवून ठेवणं ही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसवी पद्धत म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे कचरू नका. आणि लिंकवरून किंवा खोट्या ॲपवरून खात्यातले पैसे गेले, तर १९३०, तेही ताबडतोब. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. फोन करताना पैसे कापल्याचा मेसेज, व्यवहाराचा क्रमांक आणि वर्गणी रद्द केल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा, आणि पलीकडून मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.