दिंडी



आषाढात पंढरीची वाट वारकऱ्यांनी फुलते, तेव्हा भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावांत माणसं चिखलात उभी राहून भाताची आवणी करत असतात. रोप वेळेत लागलं नाही, तर वर्षाचा दाणा गेला. म्हणून ठाणे-पालघरकडच्या कितीतरी दिंड्या भात झोडून झाल्यावर निघतात. काही कार्तिक वद्यात आळंदीला, ज्ञानदेवांच्या समाधी सोहळ्याला जातात. काही पौष वद्य एकादशीला सह्याद्रीचा घाट चढून त्र्यंबकेश्वरी, निवृत्तिनाथांकडे. पेरणी-कापणी सांभाळून केलेल्या या वारीत मला काही उणं वाटत नाही.

या चालणाऱ्या मेळ्याला दिंडी का म्हणतात? किल्ल्याच्या किंवा वाड्याच्या मोठ्या दरवाजातलं छोटं दार, तीही दिंडी. मराठीतल्या एका वृत्ताचं नाव दिंडी. जुन्या संगीत नाटकांतून ते घरोघरी पोहोचलं. पंढरपुराजवळ दिंडीरवन आहे, रुक्मिणी रुसून तिथे आली होती अशी कथा आहे. पण संतांच्या अभंगांत दिंडी ही टाळाबरोबर हातात धरायची वस्तू आहे, वीणेसारखं तंतुवाद्य. मला हाच अर्थ मूळचा वाटतो. वाद्याचं नाव ते वाजवत जाणाऱ्यांना मिळालं.

दिंडी चालताना पाहिली की हे पटतं. पुढे पताका, मग दोन्ही अंगांना टाळकरी, मध्ये मृदंग, त्यांच्या मागे विणेकरी, आणि नंतर डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या. या साऱ्यांत मान विणेकऱ्याचा. वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तेव्हा दोघं एकमेकांच्या पाया पडतात. तिथे वय नाही, जात नाही.

तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. पुढे हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानदेवांच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. पालखीच्या रथापुढे कोण, रथामागे कोण, हे ठरलं. आजही दिंड्या त्या क्रमाने, आपापल्या नंबराने चालतात.

आता ग्रंथदिंडी निघते, वृक्षदिंडीही. साहित्य संमेलनाआधी पालखीत पुस्तकं ठेवून माणसं चालतात, तेव्हा तो शब्द मला शोभून दिसतो, कारण तिथेही काहीतरी आदराने वाहून नेलं जातं. नुसत्या घोषणांच्या मिरवणुकीला मात्र हे नाव देऊ नये. तिच्यासाठी मोर्चा हा शब्द आहेच.