बाराव्या उपकरणाला जागा नाही: घरचा राउटर, आयपी पत्ता आणि गौरी-गणपतीचे पाहुणे

मागच्या दोन भागांत आपण क्लाउडबद्दल बोललो, आजचा भाग एकदम घरगुती आहे. बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो की वायफाय जोडलेलं दिसतंय, पण नेट चालत नाही, राउटर बंद-चालू करून बघितला, आता काय? मी नेहमी पाठ केल्यासारखं उत्तर द्यायचो. मग गेल्या वर्षी गौरी-गणपतीत हाच प्रश्न माझ्या स्वतःच्या घरातून आला, आणि कळलं की गडबड मीच करून ठेवली होती.

आमचं घर कराडला. मी पुण्यात. त्या आठवड्यात रिलीज असल्यामुळे मला जाता आलं नव्हतं. गौरी जेवल्या, दुसऱ्या दिवशी विसर्जन, घरात काका-काकू, त्यांची दोन मुलं, आत्या, आत्याचे यजमान आणि आत्तेभाऊ असे सात जण मुक्कामाला. माझी धाकटी बहीण कोल्हापूरला हॉस्टेलवर असते, ती रात्री उशिरा घरी आली, कारण सकाळी ११ वाजता तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता आणि हॉस्टेलच्या खोलीत चार मुली. घरी शांतता मिळेल असं तिला वाटलं होतं. सात पाहुणे असताना शांतता, असो.

सव्वादहाला तिचा फोन. "दादा, लॅपटॉपला नेट नाही. बाबांच्या फोनवर चालतंय, टीव्हीवर चालतंय, माझ्याकडेच नाही."

आता इथे थोडं थांबू. हे वाक्य म्हणजे अर्धं निदान आहे. सगळ्यांचं बंद असतं तर बाहेरच्या लाइनवर संशय. एकाचं चालतं आणि दुसऱ्याचं नाही, म्हणजे लाइन ठीक आहे, भानगड घराच्या आत आहे. पण मी घाईत काय म्हणालो? "राउटर बंद करून चालू कर." बीटेक करून हेच सांगायचं होतं तर.

केला. लॅपटॉप नाहीच जोडला गेला. परत केला. ह्या वेळी तिचा फोन लागला, लॅपटॉप नाही, आणि आतून आत्तेभाऊ ओरडला, "माझं गेलं!" बाबांनी मग आपल्या पद्धतीने सूत्रं हातात घेतली आणि सगळ्या पाहुण्यांना वायफाय बंद करायला लावलं. तरीही लॅपटॉप कोरडाच. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघितला, पण आमचं घर जुनं, दगडी भिंती, रेंजची एक काडी. त्यावर व्हिडिओ चालत नाही.

मग मी तिला काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडायला सांगितलं आणि 'आयपीकॉन्फिग' टाइप करून आलेले आकडे वाचायला लावले. ती म्हणाली, "१६९.२५४ आणि पुढे काहीतरी." तिथे माझी ट्यूब पेटली.

१६९.२५४ हा आकडा लक्षात ठेवा. घरात कुठलंही उपकरण जोडलं की ते आधी ओरडतं, इथे पत्ते कोण वाटतंय? राउटरमधली डीएचसीपी नावाची सेवा म्हणते, मी वाटतो, हा घे. उपकरण म्हणतं, बरं, हाच मला दे. राउटर म्हणतो, दिला, इतक्या वेळापुरता. असे चार निरोप. डीएचसीपीचा आज वापरात असलेला मूळ मसुदा १९९७ चा आहे, आणि घरोघरी अजून तेच चालू आहे. ओरडून कोणीच उत्तर दिलं नाही तर विंडोज स्वतःच स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता चिकटवतं. त्या पत्त्यावर बाहेर जाता येत नाही. म्हणजे वायफायचा पासवर्ड बरोबर, सिग्नल बरोबर, पण राउटरने पत्ताच दिला नाही.

ह्याउलट पत्ता नीट १९२.१६८.१ चा मिळालाय आणि तरी पाने उघडत नाहीत, तर डीएनएस किंवा बाहेरची लाइन बघायची. आणि घरातल्या बाकीच्यांना १९२.१६८.१ आणि एकालाच १९२.१६८.० असा वेगळा मिळाला, तर घरात दुसरा राउटर जोडलाय का ते शोधायचं. वरच्या मजल्यावर रेंज यावी म्हणून लोक जुना राउटर लॅन पोर्टमध्ये खुपसतात, मग दोघंही पत्ते वाटायला बसतात. त्या जुन्याची डीएचसीपी बंद करायची.

आमच्याकडे राउटर होता, चालू होता, मग उत्तर का देत नव्हता? बाबांचा फोन जोडलेला होता, म्हणून त्यांना ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडायला सांगितलं. पासवर्ड मला पाठ होता, कारण तो मीच ठेवलेला. बाबांनी डीएचसीपीच्या पानाचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर पाठवले. पहिला पत्ता १००, शेवटचा ११०. मुदत १०,०८० मिनिटं.

मंडळी, हे मी केलं होतं. २०२१ मध्ये घरून काम करत होतो, शेजारच्या मुलांना आमचा पासवर्ड कळला होता. पासवर्ड बदलायचा सोडून मी हुशारी केली की पत्तेच अकरा ठेवू, म्हणजे जास्त लोक घुसणारच नाहीत. आणि १०,०८० मिनिटं म्हणजे सात दिवस, कारण रोज रोज नवा पत्ता कशाला असं वाटलं होतं. नंतर विसरूनही गेलो.

आता हिशोब करा. बाबा, आई, टीव्ही, तीन. पाहुण्यांचे सात फोन, झाले दहा. अकरावा पत्ता कॅमेऱ्याच्या डब्याने धरलेला, तो कॅमेरेवाल्याने १०८ असा हाताने भरून ठेवलेला, नेमका आमच्या यादीच्या मधोमध. त्यामुळे तो इतरांना मिळत नाही, किंवा मिळाला तर भांडण. संपले पत्ते. बहीण बारावी.

म्हणून राउटर बंद-चालू केल्यावर संगीत खुर्ची सुरू झाली. आमच्या राउटरची यादी बंद केली की पुसली जाते, मग जो आधी पोचेल तो बसतो. दुसऱ्या वेळी तिचा फोन बसला आणि आत्तेभाऊ उभा राहिला. आणि बाबांनी सगळ्यांचं वायफाय बंद करायला लावलं तेव्हा काही झालं नाही, कारण फोनचं वायफाय बंद केलं म्हणजे तो पत्ता परत करत नाही. राउटरच्या वहीत ती खोली सात दिवस त्याच्याच नावावर. सगळ्यांनी वायफाय बंद करून मग राउटर बंद-चालू केला असता तर जमलं असतं. आम्ही दोन्ही गोष्टी केल्या, पण वेगवेगळ्या.

पावणेअकरा झालेले. बाबांच्या फोनवरून यादी वाढवायचा मोह झाला, पण सेव्ह केल्यावर बरेच राउटर स्वतः बंद-चालू होतात, आणि बाबांनी एखादा आकडा चुकवला तर सगळंच घर गेलं. त्यापेक्षा लॅपटॉपला पत्ता हातानेच देऊ म्हटलं. यादीबाहेरचा, १९२.१६८.१.५०, तो कोणाकडे असायची शक्यता नव्हती. गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस ८.८.८.८.

"दादा, सेव्ह होत नाहीये. लाल अक्षरात काहीतरी येतंय."

तिचं विंडोज १०. तिथे 'सबनेट प्रीफिक्स लेंग्थ' असा रकाना असतो, आणि मी सवयीने २५५.२५५.२५५.० सांगितलं होतं. तिथे फक्त २४ लिहायचं असतं. अर्थ एकच, पण रकान्याला ते मान्य नाही. ह्यात चार मिनिटं गेली आणि ती रडकुंडीला आली. २४ लिहिलं, सेव्ह झालं, लागलं. ११ वाजून ३ मिनिटांनी ती इंटरव्ह्यूत दिसली. मागे आरतीचा आवाज होता, तो समोरच्यांनी चालवून घेतला म्हणे.

पुढच्या शनिवारी घरी जाऊन मी राउटर सुधारला. यादी २० ते २०० केली आणि मुदत एक दिवस. मुदत अर्धी उलटली की उपकरणं आपणहून नूतनीकरण मागतात, त्यामुळे कमी मुदतीने रोज काही तुटत नाही. कॅमेऱ्याच्या डब्याला हाताने लिहिलेला पत्ता काढून राउटरमध्येच रिझर्व्हेशन केलं. आणखी एक सापडलं, वायफायची दोन नावं होती, एक साधं आणि एक ५ गिगाहर्ट्झचं. हल्लीचे फोन प्रत्येक नावाला आपला वेगळा, बनावट मॅक दाखवतात, म्हणजे एकच फोन दोन पत्ते खाऊन बसू शकतो. दोन्हीला एकच नाव दिलं. आणि पासवर्ड बदलला, जे २०२१ मध्येच करायला हवं होतं. बाबा बाजूला उभे राहून म्हणाले, "म्हणजे आम्ही इंटरनेटवाल्याला शिव्या घालत होतो ते फुकटच." मी मान खाली घालून केबल गुंडाळत राहिलो.

त्याच सोमवारी कोल्हापूरहून फोन. "दादा, हॉस्टेलचं वायफाय लागत नाहीये, मी आले तेव्हापासून." लॅपटॉपमध्ये अजून तोच १९२.१६८.१.५० बसलेला, आणि हॉस्टेलचं नेटवर्क १० ने सुरू होणारं. परत ऑटोमॅटिक करायला सांगायचं मी विसरलो होतो.