संगणकातली मराठी : जुने फॉन्ट आणि युनिकोड

संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. पडद्यावर 'म' दिसतो तेव्हा आत एक आकडा नोंदलेला असतो आणि त्या आकड्यासाठी कोणते चित्र काढायचे, हे फॉन्ट ठरवतो. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक अमेरिकेत १९६०च्या दशकातच ठरले. त्या यादीला 'आस्की' म्हणतात. तिच्यात १२८ जागा होत्या आणि त्यांत देवनागरीचे एकही अक्षर नव्हते. संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला पुढे जे आले त्याचे मूळ इथे आहे.

डीटीपीचा धंदा गावोगावी पोचला तेव्हा मराठी छापायची निकड होती आणि क्रमांक मात्र नव्हते. त्यावर सरळ तोडगा निघाला. इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवायची. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव आणि आयएसएम या सॉफ्टवेअरबरोबर येणारे फॉन्ट याच पद्धतीचे. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला की फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजीतले ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढेच साठवले जाते. फॉन्ट संगणकात असेल तोवर पडद्यावर स्वच्छ 'मराठी' दिसते. फॉन्ट काढला की उरते ती पाच इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ. ही माळ कोणत्या भाषेची आहे, हे त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेले नसते.

या तोडग्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. कागदावर छापून गठ्ठा हातात पडला की काम संपत असे, आणि त्या कामाला हे फॉन्ट पुरून उरले. शिवाय कृतिदेवची मांडणी टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर बेतलेली असल्याने यंत्रावर हात बसलेल्या टंकलेखकांना नव्याने काही शिकावे लागले नाही. अडचण सुरू झाली ती मजकूर कागदाबाहेर पडल्यावर. प्रत्येक कंपनीची क्रमांकांची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाकडची फाइल दुसऱ्याकडे उघडेना. मजकुरात शब्द शोधता येईना, याद्या अकारविल्हे लागेनात, ईमेलने धाडलेले पत्र पलीकडे कचरा होऊन पोचू लागले. दिवाळी अंकांचे मजकूर, प्रबंध, गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते, घराण्यांच्या वंशावळी असे कितीतरी लेखन आजही या अवस्थेत जुन्या संगणकांत आणि सीडींवर पडून आहे.

त्याच काळात दुसरीकडे शहाणपणाचे कामही चालले होते. आयआयटी कानपूर येथे भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र विकसित झाले ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि 'जिस्ट' या नावाने ओळखले जाऊ लागले. सी-डॅकची स्थापना १९८८ची. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही क्रमांकांची यादी तयार झाली आणि १९९१मध्ये भारतीय मानक संस्थेने तिला मानकाचा दर्जा दिला. ब्राह्मीतून निघालेल्या सर्व लिप्यांचा आराखडा एकच आहे, तेव्हा 'क' देवनागरीत असो, बंगालीत असो की तेलुगूत, त्याचा क्रमांक एकच ठेवायचा, हे तिचे सूत्र. डीटीपीच्या बाजारात इस्की फारशी रुजली नाही. पण १९९१च्या ऑक्टोबरात जगातल्या सर्व लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यातल्या भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली गेली. फरक इतकाच की इथे प्रत्येक लिपीला आपली स्वतंत्र जागा मिळाली. देवनागरीच्या वाट्याला १२८ जागा आल्या. त्यांत 'क'चा क्रमांक २३२५ आणि 'म'चा २३५०. कोणताही युनिकोड फॉन्ट लावला तरी हे क्रमांक बदलत नाहीत, आणि एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर तसाच्या तसा दिसतो तो एवढ्याच कारणाने.

यादी झाली तरी ती घरच्या संगणकात यायला वेळ लागला. विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती विंडोज २०००पासून. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीतही ती आपोआप चालू नसे. मूळ सीडी घालून ती बसवून घ्यावी लागे आणि पुष्कळांना हे कुणी सांगितलेच नाही. 'संगणकावर मराठी नीट येत नाही' हा समज त्या वर्षांत पक्का झाला आणि तो अजूनही काही कचेऱ्यांत टिकून आहे. आजच्या कोणत्याही संगणकात किंवा फोनमध्ये वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' या भागात जाऊन मराठी जोडली, की विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवरून मराठीवर आणि परत जाता येते.

मराठी जोडल्यावर कोणत्या पद्धतीने लिहायचे, हा प्रश्न येतो. रोमन अक्षरांत शब्द टाइप करून देवनागरी पर्याय निवडण्याची पद्धत फोनवर सर्वांच्या सवयीची झाली आहे. विंडोज १०मध्येही २०१९पासून मराठीसाठी ती मिळते. चार ओळींच्या निरोपाला ती पुरेशी आहे. लांबलचक लेखनाला मात्र ती दमवते, कारण प्रत्येक शब्दाशी थांबून पर्याय वाचावा लागतो, आणि न वाचता निवडला तर ऱ्हस्व-दीर्घ चुकते. रोज दोन-चार पाने लिहिणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकणे केव्हाही बरे. हा कळफलक भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये ठरवला. त्याची रचना वर्णमालेवर बेतलेली आहे. डाव्या हाताला मुख्यतः स्वर, उजव्या हाताला व्यंजने. के या कळीवर 'क', शिफ्टसह 'ख'. एन या कळीवर 'ल', शिफ्टसह 'ळ'. सी या कळीवर 'म', शिफ्टसह 'ण'. 'मराठी' हा शब्द सी, जे, ई, शिफ्टसह अवतरणचिन्हाची कळ आणि आर अशा पाच कळींत लिहून होतो. डी ही कळ पाय मोडण्यासाठी. जोडाक्षर करायचे तर पहिले व्यंजन, मग डी, मग दुसरे व्यंजन. सुरुवातीला हात अडखळतो, पण बोलल्या क्रमाने लिहायचे एवढे लक्षात ठेवले की जोडाक्षरांचे भय राहत नाही. सर्व भारतीय लिप्यांना हाच आराखडा लागू असल्याने मराठीवर हात बसलेला माणूस गुजराती किंवा कन्नडही टाइप करू शकतो, हा वरचा फायदा.

युनिकोड आले म्हणून मराठीच्या सर्व अडचणी मिटल्या, असे नाही. दिसायला सारखे पण आत वेगळे असे काही जोड आहेत आणि शोध घेताना ते हमखास चकवतात. इंग्रजी शब्दांसाठी लागणाऱ्या 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८मध्ये. त्याआधी 'अ' लिहून त्यावर चंद्र देत असत आणि अनेक जण अजून तसेच लिहितात. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी अक्षरे आहेत, म्हणून एका रीतीने 'ॲप' शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले सापडत नाही. विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन दाबण्याची खोडही अशीच. 'दुःख' कोलन घालून लिहिले की तो शब्द संगणकापुरता मधोमध तुटतो आणि शुद्धलेखन तपासणारी सोयही त्यावर बोट ठेवते.

दुसरा चकवा 'ऱ्या'चा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या, हा भेद मराठीला सोडून चालत नाही. तो दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात 'र', पाय मोडणे आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. दुसऱ्यात 'ऱ' हे नुक्त्याचे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी, मग तिरप्या रेषेची कळ, असा 'ऱ्य' होतो. दुसरी रीत अधिक भरवशाची. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना अदृश्य चिन्हे कधी कधी गळून पडतात, आणि मग डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो.

अक्षरांच्या वळणाचा प्रश्न त्यामानाने हलका. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून वेगळे असले तरी त्यांचे क्रमांक एकच आहेत, वळण फॉन्टवर ठरते. मजकुराची भाषा मराठी आहे असे वर्डमध्ये नोंदवले, तर काही फॉन्ट आपोआप मराठी वळण देतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' किंवा 'टिरो देवनागरी मराठी' असे चांगले फॉन्ट फुकट मिळतात.

आता जुन्या फाइली. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात, पण ती चालवण्याआधी मजकूर नेमक्या कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे पाहावे लागते. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर नेला की फॉन्टच्या चौकटीत नाव दिसते, फॉन्ट संगणकात नसला तरीही. कृतिदेवच्या साधनाने श्री-लिपीतला मजकूर बदलायला गेले तर हाती निव्वळ कचरा येतो.

रूपांतर म्हणजे एका आकड्याच्या जागी दुसरा लिहिणे, इतके ते सरळ नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चारल्या क्रमाने. 'किती'मधली पहिली वेलांटी कृतिदेवमध्ये 'क'च्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये 'क'नंतर. 'मूर्ती'मधला रफार जुन्या पद्धतीत शब्दाच्या अगदी शेवटी, दीर्घ वेलांटीच्याही नंतर येतो. युनिकोडमध्ये तो 'र' होऊन 'त'च्या आधी जातो. पूर्ण 'श'सुद्धा कृतिदेवमध्ये अर्धा 'श' आणि काना अशा दोन तुकड्यांचा असतो. साधनाला हे सगळे ओळखून हलवावे लागते आणि चुका होतात त्या नेमक्या इथेच. म्हणून रूपांतरानंतर सगळा मजकूर नव्याने वाचत बसण्यापेक्षा रफार, ऱ्हस्व वेलांटी, 'ऱ्या' आणि जोडाक्षरे यांच्यावर आधी नजर फिरवावी. मजकुरात मधूनमधून खरे इंग्रजी शब्द असतील तर साधन त्यांनाही मराठी समजून उलटेसुलटे करते. ते आधी वेगळे काढून ठेवावेत. मूळ फाइल मात्र पुसू नये. आज चुकलेले रूपांतर उद्या अधिक चांगल्या साधनाने पुन्हा करता येते, पण त्यासाठी मूळ हाताशी हवे.

मूळ फाइल हरवली असेल आणि फक्त छापील प्रत उरली असेल, तर तिचे स्कॅन करून अक्षरे ओळखवून घेता येतात. गूगल ड्राइव्हमध्ये चित्र चढवून ते गूगल डॉक्समध्ये उघडले की मराठी मजकूर निघतो. स्वच्छ छपाई असेल तर तो बऱ्यापैकी शुद्ध असतो. जुन्या खिळ्यांची, शाई पसरलेली पाने मात्र हाताने तपासण्याला पर्याय नाही.

पीडीएफला लोक कायमचा साठा समजतात, पण मराठीच्या बाबतीत तो समज निम्माच खरा आहे. पीडीएफ पान जसेच्या तसे दाखवते, पण आत चित्रांची जुळणी असते. तिच्यातून मराठी मजकूर कॉपी केला की जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. तेव्हा वाचणाऱ्याला पीडीएफ द्यावी आणि स्वतःपाशी वर्डची किंवा लिब्रेऑफिसची मूळ फाइल ठेवावी.

नावे-पत्त्यांची यादी सीएसव्ही स्वरूपात असेल, तर ती एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडल्यावर अनेकदा मराठीऐवजी टोप्या घातलेली लॅटिन अक्षरे दिसतात. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने ती चुकीच्या यादीने वाचलेली असते. घाबरून तिथेच सेव्ह केले तर मात्र ती खरोखरच बिघडते. फाइल बंद करावी, कोरी वही उघडावी, डेटा या भागातून मजकुराची फाइल आत आणावी आणि विचारल्यावर ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ (युनिकोडचे क्रमांक साठवण्याची एक रीत) हा पर्याय निवडावा. नावे पूर्ववत दिसतात.

युनिकोडमधली मराठी जागा फार खाते, ही तक्रारही अधूनमधून ऐकू येते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. तरी लाखभर शब्दांची कादंबरी फार तर दोन मेगाबाइटांत मावते. फोनवर काढलेला एखादा फोटो त्याहून मोठा असतो. फरक खरोखर जाणवतो तो साध्या एसएमएसमध्ये. इंग्रजीत १६० अक्षरांचा एक संदेश होतो, मराठीत ७० चिन्हांचा, आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात.

ज्यांच्या कपाटात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या सीडी आहेत त्यांनी रूपांतराच्या आधी एक काम करावे. घरच्या संगणकावर लिहिलेल्या सीडी कालांतराने वाचता येईनाशा होतात आणि नव्या लॅपटॉपना सीडी घालायला जागाच नसते. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळवून सीडीवरचे सगळे, फॉन्टच्या फाइलींसकट, हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे आणि त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. फॉन्ट सोबत असला तर रूपांतर सवडीने, एकेक फाइल घेऊन करता येते.