शांत पाण्याचे चित्र



पालघर-बोईसरच्या चाळींतून बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी एखादे निसर्गचित्र हमखास दिसते. ओढा, काठाला फुलबाग, माणूस कोणी नाही. चळवळीच्या घरात असले चित्र कशाला, असेही कोणी विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण पाणी आपल्याला नुसता देखावा म्हणून कधी भेटलेच नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्याले. त्या पाण्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. पाणी निवांत पाहण्याचा हक्कही त्याच लढ्यात आला, असे आम्ही मानतो.

तथागतांनी साधनेसाठी निवडलेले उरुवेला आठवा. नेरंजरेचा स्वच्छ प्रवाह, रम्य वनराई, जवळच भिक्षेचे गाव. पाली ग्रंथांत हे वर्णन मुद्दाम आले आहे. संघारामातला ‘आराम’ म्हणजे तरी काय? बागच.

आता चित्रकाराकडे वळू. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि राजर्षी शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. ज्यांनी १९०२ साली नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९२० साली माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, तेच हे महाराज. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ हे आबालालांचे आवडते विषय. अशा चित्रापुढे घाई करू नये. आधी उजेड कोणत्या बाजूने येतो ते पाहावे, मग सावल्या. काठावरची वस्तू आणि तिचे प्रतिबिंब यांच्या रंगांत, कडांत किती फरक ठेवला आहे ते ताडावे. पाणी स्थिर की हलते, हे त्यावरूनच कळते. विपश्यनेला बसणाऱ्यांना हे जड जाऊ नये!

महाराज १९२२ मध्ये गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली बरीच चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे सांगतात. ते स्वतः १९३१ मध्ये वारले.

तारापूर औद्योगिक वसाहतीतले सांडपाण्याचे नाले ओलांडून रोज कामावर जाणारा माणूस घरी भिंतीवर निर्मळ ओढा टांगतो. त्याला आम्ही पळपुटा म्हणणार नाही. ओढा कसा असायला हवा, हे तो विसरलेला नाही.

आबालालांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. माणगावला अभिवादनासाठी जाणाऱ्या आपल्या मुलांनी वाट थोडी वाकडी करून तिथे अर्धा तास तरी काढावा.