बिनओळखीच्या ग्राहकास पत्र

(नागपूर येथे तरुण व्यावसायिक, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपूर शहरात गेल्या काही वर्षांत लहान लहान सेवा-संस्था उभ्या राहिल्या आहेत. कोणी वेष्टनांची व लेबलांची आखणी करून देतो, कोणी संकेतस्थळे तयार करतो, कोणी जाहिरातींचा मजकूर लिहितो. धरमपेठेत किंवा सीताबर्डीवर दोन खोल्यांच्या जागेत चार-पाच तरुण बसलेले असतात. काम त्यांना येते. काम देणारा मात्र मिळत नाही. पहिली दोन-तीन कामे नात्यागोत्यातून येतात आणि मग ओळखी संपतात. ओळखी संपल्या की पुण्या-मुंबईची गाडी पकडावयाची, हा आजवरचा शिरस्ता. तो मोडावयाचा असेल, तर ओळख नसलेल्या माणसास पत्र लिहून काम मिळविण्याची विद्या आपणास आत्मसात करावी लागेल. इंग्रजीत अशा पत्रास ‘कोल्ड ई-मेल’ म्हणतात. त्याचे शब्दश: भाषांतर केले, तर पत्र घेणाऱ्यास सर्दीच व्हावयाची! म्हणून मी आपला ‘बिनओळखीचे पत्र’ असा साधा शब्द वापरतो.

या बाबतीत आपली अडचण शाळेपासूनची आहे, असे माझे मत आहे. आपण पत्रलेखन शिकतो ते मुख्यत: अर्जाचे. अर्जदार स्वत:चे नाव, शिक्षण, अनुभव, परिस्थिती सांगतो आणि शेवटी ‘तरी मेहेरबान साहेबांनी संधी द्यावी’ असे लिहून सही करतो. कार्यालयाशी व्यवहार करताना ही रीत ठीकच आहे, कारण आलेला अर्ज वाचणे हे तेथील अधिकाऱ्याचे कर्तव्य असते. कारखानदारावर किंवा व्यापाऱ्यावर आपले पत्र वाचण्याचे असे कोणतेही बंधन नाही. तरीही आमचे तरुण त्याला अर्जच लिहितात. ‘आमची संस्था अमुक साली स्थापन झाली, आमच्याकडे कुशल कर्मचारी आहेत, आम्ही सर्व प्रकारची कामे करतो, तरी एकवार सेवेची संधी द्यावी.’ या चार ओळींत लिहिणाऱ्याची सर्व माहिती आहे. वाचणाऱ्याविषयी एक अक्षरही नाही. तो पत्र बाजूला सारतो, यात त्याचा दोष कोणता?

आपल्या परिसरातलेच उदाहरण घेऊ. नागपुरी संत्र्यास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यातील संत्र्याचे बांगलादेश हे फार मोठे गिऱ्हाईक होते. त्या देशाने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढविले, तिकडे जाणारा माल घटला आणि २०२३ साली राज्य शासनाला निर्यातीसाठी अनुदानाची घोषणा करावी लागली. म्हणजे बागायतदारांच्या कंपन्यांनाही नवे गिऱ्हाईक शोधणे भाग पडले. दूरच्या शहरांतील दुकानांत माल ठेवावयाचा, तर त्याला नेटकी पेटी हवी, तीवर ओळख हवी. आंबिया बहाराची फळे साधारणत: ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतात, पेट्या त्याआधी छापून व्हावयास हव्यात. तेव्हा पेटीची आखणी करणाऱ्या संस्थेने पत्र लिहावयाचे ते ऑगस्टमध्ये. डिसेंबरात कितीही सुंदर पत्र लिहिले, तरी ते वरातीमागून घोडे ठरणार.

ते पत्र कसे असावे? समजा, असे :

‘विषय : आंबिया बहारासाठी दोन किलोची पेटी. स. न. वि. वि. गेल्या हंगामात आपल्या कंपनीची संत्री नागपुरातील एका दुकानात पाहिली. फळ उत्तम होते. परंतु पेटीवर गावाचे नाव किंवा तोडणीची तारीख नसल्याने ते इतर मालात मिसळून गेले होते. या दोन्ही गोष्टी ठळक दिसतील अशा पेटीचा एक कच्चा नमुना आम्ही तयार केला आहे. तो आपणास पाठवू काय? आवश्यकता नसल्यास तसे कळवावे. पुन्हा तसदी देणार नाही.’ खाली नाव, संस्था, पत्ता, दूरध्वनी.

या पत्रात संस्थेची थोरवी कोठेही नाही. विषयाची ओळ खरी आहे. मागणी एकच असून तिला ‘पाठवा’ एवढ्या एका शब्दाने उत्तर देता येते. सोबत कोणतीही फाइल जोडलेली नाही. हल्ली फसवणुकीच्या भीतीने अनोळखी माणसाने जोडलेली फाइल कोणी सहसा उघडत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु पत्राचे खरे बळ ‘दुकानातील पेटी पाहिली’ या वाक्यात आहे. ते लिहिण्यासाठी आधी दुकानापर्यंत जावे लागते. पत्र लिहावयास दहा मिनिटे लागतात, त्याच्या पूर्वतयारीस कधी अर्धा दिवस. म्हणूनच दिवसाला पाच पत्रे झाली तरी पुष्कळ झाली.

ही रीत आपल्याकडे अगदीच नवी आहे असेही नव्हे. लोखंडी नांगराने जमीन नासते, असा समज शेतकऱ्यांत होता त्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर विकावयास घेतले. पुढे १९२० साली त्यांच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती ग्राहकापर्यंत पोहोचविणे हा त्याचा मूळ हेतू. परंतु वाचणाऱ्याला स्वत:च्या उपयोगाचे काही मिळावे ही दृष्टीही त्यात होती, आणि त्यातूनच पुढे ते मराठीतील एक नामवंत मासिक झाले.

याउलट, एकच मजकूर हजारो पत्त्यांवर सोडून देण्याचा मोह फार मोठा आहे. १९७८ साली अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकच जाहिरातवजा संदेश पाठविला. त्यावर तक्रारींचा गदारोळ उठला, तो आजतागायत शमलेला नाही. अमेरिकेत २००३ साली यासंबंधी कायदा झाला. विषयाची ओळ दिशाभूल करणारी नसावी, पाठविणाऱ्याचा टपालाचा पत्ता असावा आणि ‘पत्रे नकोत’ असे कळविणाऱ्याचे नाव दहा कामकाजाच्या दिवसांत वगळावे, असे तो सांगतो. युरोपात २०१८ पासून वैयक्तिक माहितीसंबंधी कडक नियम लागू आहेत. आपल्याकडेही २०२३ साली अशा माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांसाठी जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले असून तक्रारींचे प्रमाण हजारी तीनपर्यंत जाऊ देऊ नये, अशी अट आहे. लहान संस्थेस ही संख्या दूरची वाटेल. परंतु पत्ता एकदा बदनाम झाला, की जुन्या ग्राहकाला पाठविलेले बिलसुद्धा नकोशा पत्रांच्या ढिगात जाऊन पडते. पत्त्यांच्या तयार याद्या विकत घेणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

नागपूरकरांना एक सोय आहे, तिचा मात्र आपण पुरेसा उपयोग करीत नाही. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. जबलपूर, रायपूरशी आपला जुना व्यवहार आहे. काटोलला मराठीत, रायपूरला हिंदीत आणि परदेशात इंग्रजीत पत्र लिहू शकणारा माणूस येथे घरोघरी सापडेल. तरी वरूडच्या बागायतदारालाही आमचा तरुण इंग्रजीतच लिहितो, तेही दुसऱ्याच्या मजकुराची नक्कल करून!

उत्तर न आल्यास आठ-दहा दिवसांनी एक स्मरणपत्र पाठवावे, तेही काही नवी माहिती असेल तर. त्यानंतर थांबावे. कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते, तशी एक वही ठेवावी. कोणास, कोणत्या तारखेस, काय पाहून लिहिले व काय उत्तर आले, एवढे चार रकाने पुरेत. तीन महिन्यांनी वही चाळली, की कोणत्या प्रकारच्या पत्रास उत्तर येते हे आपोआप दिसू लागते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. नववी-दहावीच्या वर्गात अर्जाबरोबरच हेही पत्र लिहवून घ्यावे. गावातील तेलघाणीस किंवा बचत गटाच्या पापड उद्योगास. अट एकच ठेवावी, की विद्यार्थ्याने ते ठिकाण आधी स्वत: पाहून यावे आणि पहिल्या दोन ओळींत ‘मी’ किंवा ‘आम्ही’ हा शब्द येऊ नये. पंचायत सदस्यांकडेही अशी पत्रे येतातच. त्यांनी ती निदान उघडून पाहावीत, आणि काम नसेल तर ‘सध्या आवश्यकता नाही’ असे एका ओळीत कळवावे. लिहिणाऱ्याला आपल्या वहीतील तो रकाना भरता येतो, आणि त्याचे दुसरे पत्र वाचण्याचा आपलाही वेळ वाचतो.