दिवसा नोकरी, रात्री शिकवणी



आज मी जोडधंद्याविषयी बोलणार आहे. शेतकरी शेतीला जोड म्हणून गाय पाळतो, कोंबड्या पाळतो. नोकरदाराने कशाची जोड द्यावी? अंगी एखादी विद्या असेल, तर ती मोबाईलवरून शिकवता येते. शिवण म्हणा, हिशेब म्हणा, इंग्रजी म्हणा. शिकणारा नांदेडला असो की नागपूरला, तो घरी बसून शिकतो. त्याची फी आपल्या बँकेच्या खात्यात जमा होते.

फी घेण्यात लाज नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते. मुलांनी हाताने काम करीत शिकावे आणि त्या कामातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा, अशी अपेक्षा त्या परिषदेने ठरावात मांडली. शिकवणाऱ्याच्या पोटाचा विचार थोरांनीही केला होता.

आता माझीच गोष्ट सांगतो. मी एका कारखान्याच्या कचेरीत हिशेबनीस आहे. मालकाला न विचारता मी मोबाईलवर हिशेब शिकवू लागलो. दुकानात काम करणारे पाच विद्यार्थी मिळाले. रोज रात्री नऊ ते अकरा वर्ग. चार पैसे दिसू लागले. मला वाटले, जमले बाप्पा!

पण जागरणाने दिवसा डोळे मिटू लागले. एका महिन्यात मजुरांचा पगार लिहिताना चूक झाली. एक ताई पगाराची चिठ्ठी घेऊन खिडकीशी आली. म्हणाली, "भाऊ, माहे दोन खाडे कसे लागले? मी तं रोज आली."

मी हजेरीबुक काढले. ताईचे खरे होते. ती साक्षरता वर्गात वाचायला शिकली होती, म्हणून तिला चूक दिसली. नाहीतर तिची दोन दिवसांची मजुरी बुडाली असती. रात्री लोकांना हिशेब शिकवणारा मी, अन् दिवसा माझाच हिशेब चुकला! माझी मान खाली गेली.

त्याच दिवशी मालकाला सारे सांगितले. त्यांनी लेखी संमती दिली. आता वर्ग फक्त शनिवारी आणि रविवारी घेतो. जे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, ते एकदाच चित्रित करून ठेवले आहे. मिळकत थोडी घटली, पण झोप मिळते.

म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिली, आधी विचारा. सरकारी नोकराला आधी परवानगी घ्यावी लागते. पहिली ते आठवीच्या शाळेतील शिक्षकाला तर खाजगी शिकवणी करताच येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तशी मनाई आहे. खाजगी नोकरी असेल, तर नेमणुकीचे पत्र नीट वाचा.

दुसरी, वही ठेवा. किती फी आली, ॲपवाल्याने किती कापली, इंटरनेटला किती गेले, ते रोज लिहा. ही मिळकत पगारात मिळवून आयकराच्या विवरणपत्रात दाखवावी लागते.

तिसरी, हातात मुरलेले तेवढेच शिकवा. ऐकीव विद्या विकू नका. शिकणाऱ्याचा पैसाही घामाचाच असतो.

जोडधंदा जरूर करा. पण ज्याचा पगार घेतो, त्याचे काम चोख करा. त्या कामावर दुसऱ्या कुणाची तरी चूल पेटत असते.