लेक खेळते तेव्हा आपण काय बोलायचं?

कामं आवरली का? नसतील आवरली तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आज आम्ही टेनिसबद्दल बोलणार आहोत. हसू नका! टेनिस म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांचा खेळ, असं आम्हालाही वाटायचं. पण आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली, बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचं कांस्यपदक घेऊन आली. २०१६ साली ती रिओ ऑलिम्पिकला खेळली. महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेनं २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं. म्हणजे हा खेळ आपल्या दारापर्यंत आलेला आहे, आपलंच लक्ष नव्हतं.

आमचं लक्ष गेलं ते स्वयंपाकामुळे. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या गावी लहान मुलामुलींच्या टेनिस स्पर्धा होत्या आणि पाच दिवसांच्या जेवणाचं काम आमच्या गटांना मिळालं. पहिल्याच रात्री एक कोच मॅडम स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, “ताई, माझ्या मुलींना उद्या सकाळी सामना आहे. तिखट नको, साधा वरणभात द्याल का?” मग रोज रात्री त्या यायच्या, पाटावर बसायच्या आणि आम्ही भांडी घासता घासता त्यांना विचारत राहायचो. त्या तेरा-चौदा वर्षांच्या तीन मुलींना घेऊन युरोपात, चेक प्रजासत्ताकात स्पर्धांना जाऊन आल्या होत्या. त्यांनी जे सांगितलं ते आमच्या मनातून जाईना, म्हणून आज तुम्हाला सांगतो.

आपल्याला वाटतं कोचचं काम म्हणजे खेळ शिकवणं. परदेशात गेल्यावर तो त्यातला थोडासाच भाग असतो. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. त्यामुळे मुली पहाटे तीनला टक्क जाग्या व्हायच्या, कारण अंगाला वाटायचं साडेसहा वाजले. म्हणून स्पर्धेच्या चार दिवस आधी पोचायचं. आपल्याकडे बहुतेक कोर्ट सिमेंटसारखी कडक असतात, तिथे लाल मातीची. ती लाल माती म्हणजे विटांची बारीक भुकटी! तिच्यावर चेंडू हळू येतो, पण उंच उसळतो आणि पाय घसरतो. तिथे घसरत जाऊनच चेंडू गाठायचा असतो, ते वेगळं शिकावं लागतं. रोज रात्री मॅडम आणि मुली बेसिनमध्ये लाल झालेले मोजे धुवायच्या. सोबत लहान कुकर, तांदूळ, मेतकूट आणि जलसंजीवनीची पाकिटं. प्रत्येक मुलीकडे एक वही होती. चेक देशातले पैसे कोरुना. आज किती खर्च केला ते झोपायच्या आधी लिहायचं. आम्ही म्हटलं, “मॅडम, हे तर आमच्या बचत गटाचं रजिस्टर झालं!”

आणखी एक गोष्ट, आपण बायका ती हळू आवाजात बोलतो. मॅडमनी प्रत्येकीच्या बॅगेत पॅड ठेवले होते आणि सामन्याच्या मध्येच बाथरूमला जावं लागलं तर अधिकाऱ्याला इंग्रजीत कसं विचारायचं ते पाठ करून घेतलं होतं. विम्बल्डन ही इंग्लंडमधली मोठी स्पर्धा. तिथे सगळ्यांना पांढरे कपडेच घालावे लागतात. पाळीच्या दिवसांत मुलींना काय धाकधूक होत असेल! बायका बोलल्या, तेव्हा २०२३ पासून तिथे स्त्री खेळाडूंना आतून गडद रंगाची चड्डी घालायला परवानगी मिळाली. बोललं की नियमसुद्धा बदलतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता मुख्य गोष्ट ऐका. सामना सुरू झाला की कोच कुठे असतो? कुंपणाबाहेर. देशादेशांच्या संघांच्या स्पर्धा असतात, तिथे संघाचा कप्तान कोर्टावर खुर्ची टाकून बसू शकतो. चौदा वर्षांखालच्या मुलांची अशी जागतिक स्पर्धा चेक देशातल्याच प्रोस्त्येयोव्ह गावात होते. पण मुलगी एकटीच्या नावानं खेळत असेल तर कोचनं बाहेरून काही सांगायचं नाही, असा वर्षानुवर्षांचा नियम होता. २०२५ पासून थोडी सूट आली. स्पर्धा घेणाऱ्यांनी परवानगी दिली तर बाहेरून थोडक्यात काही सांगता येतं. मॅडम गेल्या तेव्हा मात्र तोंडाला कुलूप होतं.

आणि लहान मुलांच्या सुरुवातीच्या सामन्यांत प्रत्येक कोर्टावर पंचही नसतो. एकच अधिकारी चार-पाच कोर्टांवर फिरत असतो. चेंडू आत पडला की बाहेर, हे ज्या बाजूला पडला त्या बाजूच्या खेळाडूनं सांगायचं. खात्री नसेल तर तो आत धरायचा. केवढी मोठी गोष्ट आहे बघा. तेरा वर्षांच्या पोरीनं स्वतःविरुद्ध खरं बोलायचं! लाल मातीवर चेंडूची खूण उमटते. समोरची “बाहेर” म्हणाली आणि आपल्याला पटलं नाही, तर “मला खूण दाखव” असं म्हणता येतं.

त्या तिघींत एक मुलगी लहान गावातली होती. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलं होतं. पहिल्या सामन्यात समोरच्या मुलीनं दोनदा चांगला पडलेला चेंडू “बाहेर” म्हणून सांगितला. आपली पोर गप्प. मान खाली घालून पुढच्या चेंडूला उभी राहिली. तासाभरात हरली. संध्याकाळी आईचा फोन आला. पहिलाच प्रश्न, “जिंकलीस का?” आणि लगेच दुसरा, “एवढे पैसे घातलेत, माहितीये ना?” पोर बाथरूममध्ये जाऊन बसली, बाहेर येईना.

आम्ही विचारलं, “मग तुम्ही काय केलंत?” मॅडम म्हणाल्या, “काही नाही. मेतकूट-भात कालवला आणि दाराबाहेर बसून राहिले.” जेवण झाल्यावर दोन तासांनी त्यांनी तिला तीनच प्रश्न विचारले. आज काय जमलं? काय अवघड गेलं? उद्या कोणती एक गोष्ट करून बघशील? पोर म्हणाली, “मला खूण दाखव, असं म्हणायचं होतं. आवाजच फुटला नाही.” मग रात्री हॉटेलच्या खोलीत चौघींनी नाटक केलं. एक खोटं बोलणार, दुसरीनं ताठ उभं राहून, शांतपणे खूण मागायची. वीस वेळा.

पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी तिथे वेगळे सामने होते. दुसऱ्या दिवशी ती खेळली. दुसऱ्या सेटमध्ये तशीच वेळ आली आणि कुंपणाबाहेर बसलेल्या मॅडमना तिचा आवाज ऐकू आला. तिनं खूण मागितली. समोरची आली, तिनं खूण पाहिली आणि गुण दिला. सामना ती हरलीच. पण मॅडम सांगत होत्या, “ताई, माझे डोळे भरले. बाकी सगळं नंतर शिकवता येतं.”

आम्ही म्हटलं, तुमच्याजवळ फार धीर आहे. तेव्हा त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “हा धीर उशिरा आला. सुरुवातीच्या वर्षांत मी हरलेल्या मुलीला सगळ्यांसमोर चुका मोजून दाखवायचे. एक फार गुणी मुलगी होती. एका स्पर्धेहून परत आली आणि तिनं रॅकेट माळ्यावर टाकली, ती परत काढलीच नाही. ती अजून दिसते मला.”

मैत्रिणींनो, त्या रात्री आमच्या हातातली भांडी तशीच राहिली. कारण आम्हाला आमच्या गटातल्या एका ताईंची लेक आठवली. तालुक्याला धावण्याच्या शर्यतीत ती चौथी आली होती. आम्ही दहा-बाराजणी दोरीला टेकून ओरडत होतो, “अगं पळ की! झोपलीस का?” शर्यत संपल्यावर आम्हीच म्हटलं, “एवढं दूध-अंडी खाऊन चौथी?” पुढच्या वर्षी तिनं नाव दिलं नाही. आम्ही समजलो, पोरीलाच आवड नाही. ओरडणाऱ्या आम्हीच होतो, हे कधी मनातच आलं नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो. तिची माफी मागितली. आता सांगायला सोपं वाटतं, पण पोरीसमोर असं बोलताना आमची जीभ जड झाली होती. ती हसली, “जाऊ द्या मावशी” म्हणाली. यंदा पळणार का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ते तिचं तिनं ठरवायचं.

आमच्या गटानं दोन ठराव केले, ते सांगतो. पहिला असा, की कोणाचीही लेक बाहेरगावी खेळायला निघाली तर “मुलीची जात, नको पाठवू” असं म्हणायचं नाही. त्याऐवजी नेणाऱ्यांना नीट विचारायचं. सोबत बाई कोण आहे? मुली झोपणार कुठे, खोलीत कोणकोण? आजारी पडली तर दवाखाना, विमा काय? रोज फोन किती वाजता? परदेशी जायचं असेल तर पासपोर्ट कोणाजवळ राहील? २०१६ च्या शेवटी नियम बदलला, त्यामुळे पासपोर्टवर आई-वडिलांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं. एकट्या आयांनी हे ध्यानात ठेवावं. जो कोच या प्रश्नांनी चिडतो, त्याच्याबरोबर पाठवायचं नाही.

दुसरा ठराव आपल्या तोंडाचा. पोर खेळून आली की पहिला प्रश्न “जेवलीस का?” जिंकली की हरली, हे ती आपणहून सांगेल.

टेनिसमध्ये बाजू बदलताना खेळाडूला दीड मिनिट मिळतं. त्यात पाणी प्यायचं, घाम पुसायचा, श्वास घ्यायचा. संघाच्या सामन्यात कप्तान शेजारी बसलेला असला, तरी दीड मिनिटात मुलीच्या डोक्यात एकच गोष्ट राहते, दहा नाही. मॅडम म्हणतात, “मी एकच वाक्य बोलते आणि पाण्याची बाटली पुढे करते.”

आज रात्री तुमची लेक शाळेतून, मैदानावरून, नाहीतर परीक्षेहून घरी येईल. एकच वाक्य बोला आणि पाण्याचा तांब्या पुढे करा. मग काय झालं, ते पुढच्या बैठकीत आम्हाला सांगा. येतो मैत्रिणींनो, नमस्कार!